पाहुण्याले जाय कसं म्हणावं?

काऊन बे, घरी आलेल्या पाहुण्याले तू तोंडावर जाय म्हणशील का? आपला सलीम फसला तो इथंच.

सलीम मूळचा धामणगाव बढ्याचा, आता इंग्लंडात दुकान चालवते. लढाईतून पळून आश्रय मागाले आलेला एक सुदानी माणूस बायको-लेकरायसकट त्याच्याकडं उतरला होता. तिथलं सरकार अशा लोकायले मदत करते. पण ज्याच्याजवळ पोटापुरतं नाही त्याले खर्च, अन् ज्याले राहायले जागा नाही त्यालेच घर. म्हणून सरकारी साहेबानं सलीमले फोन केला, "हे लोक पुढंही तुमच्याकडं राहू शकतात का?"

पाहुणा समोरच बसला होता. सलीम म्हणाला, "काऊन नाही? घर त्यायचंच हाय!"

झालं. घर नामंजूर.

पाहुण्याची वकीलबाई भडकली. "दोन खोल्यांत तुमचा आणि यांचा असे दोन संसार चाललेत! यांना ठेवू शकत नाही, असं लिहून द्या."

सलीमनं मान खाली घालून लिहून देलं. अपिलात घर मिळालं. पहिल्याच दिवशी पाहुण्यानं त्याले बोलावलं, हातात चहा ठेवला अन् म्हणाला, "भाई, घर तुमचंच हाय."

सलीम मले फोनवर म्हणे, "गड्या, ज्याले ठेवत नाही म्हणून लिहून देलं, त्याच्याच घरचा चहा पेलो."