पाच नोंदी

(शाळेची प्रयोगशाळा, मधली सुट्टी. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंकडे त्यांचे पूर्वीचे संशोधन-मार्गदर्शक आले आहेत.)

बाई : म्हणजे ते अणुकेंद्रक खरंच असतं?

सर : असतं. सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा टिकत नाही, पण असतं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेला साठ सापडली. परवा त्यांचा शोधनिबंध छापून आला.

बाई : मला पाच सापडली होती.

सर : हो.

बाई : दीड महिना पातळ पत्र्यावर कण आदळत होतो, तेव्हा कुठे पाच. तुम्ही म्हणालात, ही यंत्राची खरखर आहे. वहीत आडवी रेघ मारलीत.

सर : मारली.

बाई : तुमचं तरी काय चुकलं म्हणा. इतके न्यूट्रॉन कोंबले तर केंद्रक जन्मालाच येणार नाही, असं गणित सांगत होतं. पाच नोंदींवर कोण विश्वास ठेवणार?

सर : मी ठेवला होता.

बाई : काय म्हणालात?

सर : तुझ्या माघारी मी सगळं पुन्हा तपासलं. नुसती खरखर असती, तर पाचही वेळा वजन आणि विद्युतभार इतके नेमके जुळले नसते. पण ते गणित माझं होतं गं. वीस वर्षांचं. आणि त्याच महिन्यात विभागप्रमुखाची निवड होती. म्हटलं, ती होऊन जाऊ दे, मग सांगू. मग ते राहतच गेलं. तोवर तू सोडून गेलीस.

बाई : सोडून नाही गेले, सर. तोंड दाखवायची लाज वाटायला लागली.

सर : मला माहीत आहे.

बाई : नाही, तुम्हाला नाही माहीत. आई विचारायची, एवढं काय चुकलं तुझं? मी सांगायचे, जे नव्हतंच ते मला दिसलं. शेवटच्या आजारपणातही मावशीला म्हणत होती, पोर हुशार आहे, पण उतावळी.

सर : त्यांचा निबंध छापणाऱ्या जर्नलला मी पत्र लिहिलं. हे पहिल्यांदा तू पाहिलंस म्हणून.

बाई : मग?

सर : त्यांनी यंत्राच्या मूळ नोंदी मागितल्या. त्या कधीच पुसल्या गेल्यात. संगणकावर जागा हवी होती. पुसायच्या परवानगीवर सही माझीच आहे.

बाई : म्हणजे आता ते फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक.

सर : बोल मला. हवं ते बोल. त्यासाठीच आलोय.

बाई : बोलेन कधीतरी. आता घंटा होईल, नववीचा तास आहे.

सर : मी थांबू?

बाई : नको. मला वर्गात जरा काम आहे. इतकी वर्षं मी पोरांना एकच बजावत आले, आकडा विचित्र आला की आधी आपली चूक शोधा. परवा नववीतल्याच एका मुलीला अख्खा तक्ता खोडायला लावला.

सर : काय आलं होतं तिचं?

बाई : तेच तर. मी पाहिलंसुद्धा नाही.