गुरुवारची दाढी

नाही हो ताई, सेवा बंद करायला नाही आले मी. ती मागच्याच महिन्यात झाली बंद, ह्याच खिडकीत, तुमच्या खुर्चीवर ते चष्मेवाले होते तेव्हा. मी आलेय ते— थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीचं डोकं फिरलंय. आमचे हे अंथरुणाला खिळले तेव्हापासून दर गुरुवारी नगरपालिकेचा माणूस घरी यायचा, ह्यांची दाढी करायला. आम्ही त्याला दाढीदादाच म्हणायचो. मग तुमची ती नवी यादी आली— सगळ्या गावांना एकच यादी, एकच शब्द— तर त्यात तो झाला 'गृहभेट, वैयक्तिक स्वच्छता'. ते ऐकून ह्यांना इतकं हसू आलं की पातं लागलंच असतं गालाला. मग दर गुरुवारी कडी वाजली की ओरडायचे, "अगं, वैयक्तिक स्वच्छता आली, दार उघड!"

हसा हो, हसा. तेही हसायचे.

तर चष्मेवाले म्हणाले, आजी, बंद करायचं कारण यादीतलंच लागतं, तीनच आहेत— सेवा नको, स्थलांतर, आणि तिसरं. 'नको' कसं म्हणू? दाढीदादाला काय वाटलं असतं! आणि तिसरं... आदल्या आठवड्यात पोचवून आलो होतो ह्यांना, शेजाऱ्यांच्या खांद्यावर. तो शब्द ओठांवर येईना, ताई. मी म्हटलं, मधलं लावा. त्यांनी विचारलं, नवा पत्ता? रकाना रिकामा चालत नाही म्हणे. मला तोंडपाठ असा एकच पत्ता— मुलाचा. सांगून टाकला. मला काय ठाऊक की एकच यादी म्हणजे माणसाचं नावही आपोआप ह्या गावातून त्या गावात जातं! गेल्या गुरुवारी तिकडचा न्हावी पेटी घेऊन मुलाच्या दारात उभा. "आजोबा आले का?"

मुलाला? नाही, ठाऊक नव्हतं. बापलेकांचं बोलणं तुटलेलं— कशावरून ते आता दोघांनाही आठवलं नसतं. ह्यांनी शेवटी माझ्याकडून शब्द घेतला, तो आपणहून हाक मारेपर्यंत त्याला काही कळवायचं नाही. आणि मी दिलेला शब्द मोडत नाही, देवापुढचा असो की नवऱ्यापुढचा. रोज दिवा लावताना मी एकच मागायचे, त्याला बुद्धी दे, त्याचा फोन येऊ दे.

आला ना! त्याच संध्याकाळी. "आई, बाबा माझ्याकडे यायचं म्हणतायत? न्हावी आला तेव्हा कळलं मला. अगं, आधी सांगायचं नाही का!" आवाज कसा लहानपणीचा, शाळेतून धावत आल्यासारखा. खिडकीपाशी खाट लावलीय म्हणे. सूनबाईनं पडदे धुतले. "बाबांना म्हणावं, भांडण तिकडेच ठेवून या." देवानं ऐकलं, ताई, ऐकलं, पण— मी म्हटलं, बघू हं बाळा, आणि फोन ठेवला. शब्दातून तर सुटले होते मी, त्यानं हाक मारली तेव्हाच.

उद्या गुरुवार. तो माणूस पुन्हा जाईल त्याच्या दारात. म्हणून आले, कारण बदलून घ्यायला. तिसरं लावायला. जन्म-मृत्यूच्या खिडकीत कागद दिलाय हो मी, पण तुमच्या दोन खिडक्या एकमेकींशी बोलत नाहीत— आमच्या घरासारखंच. काय म्हणालात? बदललं की तिकडच्या यादीत लगेच दिसतं? म्हणजे तो न्हावी नाही येणार, आणि मुलगा तिकडच्या कचेरीत विचारायला जाणार, बाबांचा न्हावी का आला नाही म्हणून. मग त्याला कोण सांगणार— तुमच्यासारखंच कुणीतरी, काचेपलीकडून?

नको. दाबू नकोस, पोरी. हात काढ तिथून. जरा थांब. कुणी घाई करत असेल तर करू दे, मी बाजूला होते. आई मी आहे त्याची, यादी नाही. हा फोन घे, मला चष्म्याशिवाय दिसत नाही, पहिलंच नाव आहे बघ— लाव. लागला? दे इकडे.

हॅलो— हो, मीच. नाही रे, पडदे राहू देत. बाळा, आधी खाली बस बघू. त्या खाटेवरच बस.