नानांच्या पाड्याचे चौकोन

कॉम्प्युटरवरचा नकाशा म्हणजे बसल्या जागेचं काम, असं तुम्हाला वाटत असेल तर आमचं साक्रीकडचं ऐका. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरांसाठी आम्ही डोंगरातल्या गावांचा नकाशा करत होतो. जळगावच्या ऑफिसात सगळी नावं मराठीत टाकली, तपासली. मग तिकडच्या एका ग्रामपंचायतीत नेऊन तिथल्या कॉम्प्युटरवर उघडला, तर नाव एकही दिसेना. त्या कॉम्प्युटरमध्ये मराठी फॉन्टच नव्हता, म्हणून प्रत्येक नावाच्या जागी नुसते चौकोन. समोर अख्खं गाव जमलेलं.

मी फॉन्ट शोधत बसलो, तेवढ्यात वरच्या पाड्यावरचे नाना पुढे आले. मागे त्यांच्या सुनेला न्यायला निघालेली ॲम्ब्युलन्स रस्ता न सापडल्यामुळे खालच्या गावातूनच परत गेली होती. ते स्क्रीनजवळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, आमना पाडा कोठे शे?"

मी म्हटलं, "नाना, अजून कुणाचंच नाव दिसत नाहीये. सगळीकडे चौकोनच आलेत."

"बठ्ठासले चौकोन भेटनात. आमले एक बी नही."

मी पाहिलं. बाकी सगळ्या गावांना चौकोन मिळाले होते, नानांच्या डोंगरावर मात्र खरंच एकही नव्हता. पाडा आमच्याकडून राहूनच गेला होता.

नानांनी बोटाने जागा दाखवली. मी तिथे खूण केली आणि पाड्याचं नाव टाइप केलं. चौकोन उमटले. नानांनी ते नीट बघून घेतले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आते बराबर शे."