धवल्यातलं नाव

मी मोहने गावचा, आगरी. आई धवलारीण. म्हणजे आमच्यात लग्नाला एक बाई बोलावतात, ती हळदीपासून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, भटजी उशिरा आला तर चालतो पण धवलारीण लागतेच. तिचा पदर धरून मी मांडवातच वाढलेलो. आणि अशा बाईचा पोरगा काय झाला, तर इमो बँडचा गायक. काय सांगू तुम्हाला, काळे टी-शर्ट, एका डोळ्यावर केस, आणि माइक तोंडात घालून किंचाळायचं, मी एकटा आहे, मला कोण समजून घेत नाही. घरात आम्ही सात माणसं, एकटं बसायला संडासात पण मिळायचं नाही. पण नाव झालेलं, ठाण्यात, डोंबिवलीत कॉलेजची पोरं यायची आणि खरंच रडायची.

मग भारती गेली, माझी मोठी बहीण. लग्नाला बारा दिवस होते, डेंग्यूने गेली. आईने तिच्यासाठी धवला रचून ठेवलेला, हळद वाटली गो, भारती बसली पाटावं, तो तसाच राहिला. आई भांडी घासताना तो गुणगुणायची, मला बघितलं की गप्प. आणि मी, एवढी वर्षं खोटं खोटं किंचाळलेलो ना, खरं दुःख आलं तर किंचाळताच येईना. रिहर्सलला तोंड उघडलं आणि तोच धवला निघाला, हळू. आमचा गिटारवाला दर्शन बोलला, अरे हेच घेऊ, नवा अख्खा अल्बम असाच करू. केला. आईला विचारलं नाही, ती माझी चूक.

अल्बम आला तर आम्हाला ऐकणारी जुनी पोरं बोलली, भाई हा इमो नाय, हा हळदीचा बँड झाला. शिव्या घातल्या. आणि ज्यांच्यासाठी केलंच नव्हतं त्यांनी उचललं. कुठल्यातरी डीजेने त्याला बेंजो लावला, ठोका लावला, झालं, जिथे तिथे हळदीत तेच. आता सारखं बोलावणं, नाही कोणाला म्हणणार, सगळे नात्यातले नाहीतर गावातले. आणि धवल्याची रीतच अशी, ज्या नवरीची हळद तिचं नाव घालायचं. म्हणजे मी काय करतो, दर हळदीत भारतीला पाटावरून उठवतो, दुसरीला बसवतो, आणि समोर लोक नाचतात. जुनं गायला जातो तर हसू येतं, हे सोडायला जातो तर सुटत नाही. अडकलोय बघा, पुरता अडकलोय.

मागच्या महिन्यात आंबिवलीला होतो, नवरी ऋतुजा, धवलारीण माझीच आई. डोळे मिटून गात होतो आणि तोंडातून गेलं, भारती बसली पाटावं. लग्नाआधी मेलेल्या पोरीचं नाव, नवरीला हळद लागताना! ज्यांना ठाऊक होतं त्या बायांचे हात थांबले. तेवढ्यात आईने मागून सूर उचलला, भारती करवली गो, ऋतुजा बसली पाटावं. असं सहज, जसं काही आधीपासून तसंच होतं. बाया परत हळद लावायला लागल्या.

घरी येऊन मी पाया पडलो, बोललो आता नाही गात. आई बोलली, आता कशाला बंद करतंस रं, लोकांचे तोंडान गेला तो, तुझा नाय, माझा बी नाय. तेव्हापासून भारती दर हळदीत करवली असते. मी निघालो की आई विचारते, आज कोनाचा नाव? मी सांगतो. ती म्हणते, सुखात राव दे पोरीला.

काल परत विचारलं. मी चपला घालत बसलो. तिने परत विचारलं तेव्हा सांगितलं, आई, या नवरीचं नाव पण भारतीच आहे. आईने ओले हात पदराला पुसले. बोलली, मग आज बदलू नको, हाय तसाच गा. सुखात राव दे माझे पोरीला.