दोन घाबरटांची गच्ची

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या आपल्या डॉक्टरीणबाई, आणि बंधुभगिनींनो,

सगळ्यांची भाषणं आटोपल्यावर उठतोय, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. मघाशी पुकारलं तेव्हा खांबाआड सरकलो. शिक्षण जेमतेम, त्यात स्वभाव भित्रा.

आमच्या गच्चीवर कुंडीत एक रोप होतं. पानं थेट झेंडूची. मी रोज पाणी घालायचो, फुलं का येत नाहीत म्हणून झुरायचो. नातू आणि त्याचे मित्र मला ‘माळीबुवा’ म्हणत, हसून लोटपोट होत. तो गांजा होता, हे मला कुठून कळणार? संध्याकाळी गोडसर धूर दोरीवरच्या कपड्यांखालून तरंगत यायचा. पोरांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे वाटायचे. मी समजायचो, डासांसाठी काही जाळतात.

कळलं तेव्हा नातवाला बाईंकडे ओढत नेलं. बाई म्हणाल्या, “एकटा नको. अख्खी चौकडी आणा.”

चौघे गोल बसले. बाईंनी विचारलं, “पहिल्यांदा गांजाची विडी हातात कुणी दिली?” ज्याने त्याने शेजाऱ्याकडे बोट केलं. बोट फिरून पुन्हा पहिल्यावर आलं!

“बरं, ओढता कशाला?”

एक म्हणाला, “मला सगळं करून बघायचं असतं.” दुसरा म्हणाला, “नाही म्हटलं तर हे मला बोलावणार नाहीत.” तिसरा म्हणाला, “कंटाळा येतो.” माझा नातू खाली बघत म्हणाला, “छातीत धडधडतं. ओढलं की थांबतं. आजोबांवर गेलोय मी.”

नाक माझं, चाल माझी, आणि भीतीही माझीच?

बाईंनी त्या हौशी पोराला डोंगर चढायला धाडलं. आम्हाला म्हणाल्या, “त्याच वेळी, त्याच गच्चीवर, तुम्ही दोघे घाबरट बसा. एकमेकांना भीती सांगा.” बसलो. त्याला परीक्षेची, मला जिन्याची. तो म्हणायचा, “आजोबा, तुमची भीती अगदीच फालतू आहे!” दिवे लागेपर्यंत धडधड उतरायची. मधे एकदा तो पुन्हा ओढून आला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो.

उद्या तो नोकरीला परगावी निघालाय. नवी खोली, नवे सोबती. बाईही चालल्या. मग मला घोर लागणार नाही तर काय?

अरे, मागच्या रांगेत मान खाली घालून बसलायस, ऐक. तिथे संध्याकाळी कुणी हात पुढे केला आणि छातीत धडधडलं, तर आधी मला फोन लाव. मी गच्चीवरच असेन. घाबरलेलाच असेन, म्हणजे तुला एकटं वाटणार नाही.

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. काही वेडंवाकडं बोललो असेन तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आणि तुम्हा दोघांनाही हात जोडून सांगतो, पोहोचल्याचं लगेच कळवा. जीव टांगणीला ठेवू नका.