गारपिटीच्या वर्षाची बाटली

चाखणारी : काका, मोजे तरी धुतलेले आहेत ना?

मुकादम : नवे कोरे आहेत. बाटल्यांच्या गळ्यापर्यंत चढवलेत. कुठली बाटली कुठल्या वर्षाची ते तुला दिसता कामा नये, अशी मालकांची सक्त ताकीद आहे.

चाखणारी : एक नंबरला दिसायची गरजच नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय. तळघरात पाणी शिरल्यावर खोकी कुजतात ना, तसा. थुंकायची बादली सरकवा इकडे. शी. जिभेवर बुरशी बसल्यासारखी वाटतेय.

मुकादम : जुनी म्हटली की थोडंफार व्हायचंच.

चाखणारी : थोडंफार नाही, पार गेलीय. पुढची?

मुकादम : ही घे, तीन नंबर.

चाखणारी : आणि दोन?

मुकादम : ती मग बघ. सावकाश.

चाखणारी : बरं. ग्लासात हिची कड तर विटकरी झालीय. आणि ही वाइन नाही हो, व्हिनेगर आहे. दात आंबले माझे. मालक कंपनीच्या पन्नासाव्या वर्षाच्या समारंभाला हे पाजणार आहेत लोकांना? पाहुणे तोंडदेखलं वा वा करतील आणि घरी जाऊन चूळ भरतील.

मुकादम : मग झालं तर. लिही, सगळ्या नासल्या. दोन नंबरही त्यांच्याच शेजारी ठेवलेली होती, तीही तशीच असणार. मी नेतो परत.

चाखणारी : हात काढा बाटलीवरून. न चाखता लिहायला मला ठेवलेलं नाही.

मुकादम : हट्टी आहेस. बापावर गेलीस.

चाखणारी : ओता.

मुकादम : थोडीच ओततो.

चाखणारी : अरे. काका, हिचा रंग बघा. उजेडात धरा. वीस-बावीस वर्षं सहज झाली असतील आणि अजून एवढी गडद? वास तर बघा. वाळलेली चेरी, तंबाखूची पानं, नव्या चामड्याचा पट्टा. चार वर्षं इथं काम करतेय, अशी एकही हाती लागली नव्हती. कुठं लपवली होती मालकांनी?

मुकादम : थुंकली नाहीस?

चाखणारी : नाही थुंकली. कामावर असताना पहिल्यांदाच गिळली. ही थुंकणं म्हणजे पाप आहे.

मुकादम : थुंकायची, पोरी. सकाळच्या वेळी, रिकाम्या पोटी.

चाखणारी : थांबा. ही मी आधी प्यायलेय.

मुकादम : दिवसाला पन्नास घोट घेतेस तू. त्यातलाच एखादा असेल.

चाखणारी : ते पन्नास मी थुंकते. ही प्यायलेय. माझ्या लग्नात. मालकांनी बारा बाटल्या पाठवल्या होत्या, लेबल नसलेल्या. तुम्हीच सगळ्यांना ओतत होतात. आईच्या ग्लासात ओतताना तुम्ही अर्धी टेबलावर सांडलीत.

मुकादम : वय झालं माझं.

चाखणारी : बूच कुठंय हिचं?

मुकादम : टाकलं असेल कुठंतरी.

चाखणारी : तुमच्या मुठीत आहे.

मुकादम : झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात.

चाखणारी : उघडा, काका. बुचावर वर्ष डागलेलं असतं.

मुकादम : घे. बघ.

चाखणारी : हे वर्ष आपल्या यादीत नाही.

मुकादम : गारपीट झाली होती.

चाखणारी : माहीत आहे मला. गारपिटीनं बागा झोडपल्या, उरलेल्या द्राक्षांत रेड वाइनची एकच टाकी भरली. चार नंबर. तिच्यावरच्या फळीवर उभे राहून बाबा वर आलेली द्राक्षांची सालं दांडक्यानं खाली दाबत होते. आंबणाऱ्या रसाचा गॅस नाकात गेला आणि आत पडले. पाऊण तासानं सापडले. पाऊण तासच ना?

मुकादम : पाऊण तास.

चाखणारी : दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात. आईला म्हणालात, वहिनी, टाकी पूर्ण गटारात सोडली, एक थेंब ठेवला नाही. मी दाराआड उभी होते. नऊ वर्षांची. सगळं शब्दन् शब्द ऐकलंय मी.

मुकादम : नळ मी उघडला होता. देवाशपथ उघडला होता. घोट्याएवढी वाहिली असेल. मग मालक आले. म्हणाले, बंद कर. वर्षाची एकच टाकी आहे, ही गेली तर कंपनी बसेल, साठ माणसं घरी जातील. आंबवणात सगळं मरतं म्हणाले, काही उरत नाही.

चाखणारी : आणि तुम्ही बंद केलात.

मुकादम : केला. एकसष्टावा माणूस मीच होतो.

चाखणारी : बादली द्या. लवकर.

मुकादम : पाठीवर हात फिरवू का?

चाखणारी : हात लावू नका मला. तुम्ही. तुम्ही ही बाटली माझ्यापुढं ठेवलीत. तुम्हाला ठाऊक होतं आणि ठेवलीत.

मुकादम : मालकांनी सांगितलं. आणि मला वाटलं, तू थुंकशील. तुम्ही लोक थुंकताच.

चाखणारी : किळस येते तुमची. आणि माझीही येते. चेरी काय, चामडं काय, पाप काय. लग्नात आई दोन ग्लास प्यायली होती, आठवतंय? ह्यांनी कधी चाखू दिली नाही, आज योग आला, म्हणाली. त्या वेळी तरी तोंड उघडायचं होतंत.

मुकादम : तिला नको सांगूस. मला सख्खा दीर मानते ती. बावीस वर्षं दर रविवारी माझं ताट असतं तुमच्याकडे.

चाखणारी : तेच तर. बावीस वर्षं कसं उतरलं घशाखाली?

(जिन्यावर पावलं. मालक खाली येतात.)

मालक : काय, लागला का निकाल? समारंभाला कुठली वर न्यायची?

चाखणारी : एक आणि तीन नासल्यात. दोन नंबर उत्तम आहे.

मालक : वाटलंच होतं मला. साठ बाटल्या आहेत अजून. असं बघ, त्या वर्षी द्राक्ष कमी होतं, पण होतं ते सोनं होतं. पुस्तिकेसाठी चार ओळी लिहून दे. वास, चव, जे काय तुमचं असतं ते.

चाखणारी : लिहिते. आधी तुम्ही एक घोट घ्या.

मालक : छे छे. तू सांगितलंस ना, झालं.

चाखणारी : पाहुण्यांना पाजणार आणि घरचा माणूस चाखणार नाही?

मालक : हल्ली माझं पोट बिघडलंय जरा.

मुकादम : काल अर्धी बाटली घेतलीत मालक. दुसऱ्या वर्षाची. बूच मीच काढलं.

मालक : तुला कुणी विचारलं?

मुकादम : कुणी नाही. कुणी विचारत नाही म्हणून तर बावीस वर्षं निघाली. घ्या ना घोट.

मालक : त्या वर्षाची मी घेत नाही.

चाखणारी : आज नाही, की कधीच नाही?

मालक : कधीच घेतली नाही.

चाखणारी : माझ्या लग्नात बारा पाठवल्यात.

मालक : आपल्याकडची सगळ्यात चांगली द्यावी, एवढाच हेतू होता. तुला शिकवलं कुणी? नोकरी दिली कुणी? आणि शास्त्र तर तुलाच जास्त कळतं. आंबवणात काही उरत नाही.

चाखणारी : नाहीच उरत. म्हणून तर ग्लास पुढं केलाय. धरा.

मालक : बाजूला घे तो.

चाखणारी : मग तुमच्या चार ओळी ऐका. या टाकीत माणूस मेला. त्याच्या बायकोला ही पाजली. त्याच्या मुलीला पाजली. मालक स्वतः पीत नाहीत. समारंभात कुणी वाचून दाखवणार नसेल, तर मी दाखवीन.

मालक : बाटल्या खालीच राहू देत. समारंभाचं दुसरं काहीतरी बघू. तू आज घरी जा, तुझं डोकं ठिकाणावर नाही.

मुकादम : गेले.

चाखणारी : जाऊ देत. त्या साठही बाटल्या मी गटारात मोकळ्या करणार आहे, त्यांनी हो म्हणो वा नाही. आता मी घरी चाललेय. आईला सगळं सांगणार.

मुकादम : ती मला दारात उभं करणार नाही.

चाखणारी : नाही करणार.

मुकादम : थांब, चप्पल घालतो. तू सांगू नकोस, पोरी. आधी मी आत जातो. तिला हे माझ्या तोंडून ऐकू दे.