दहा मिनिटं नुसतं बसायचं

"दात दाखवायचाच नाही, तर मुनिरक्याहून द्वारकेला आलो कशाला?"

दिल्लीतल्या त्या दातांच्या दवाखान्यात अचानक मराठी ऐकू आलं, तशी सुजलेला गाल धरून बसलेली विनया आपलं ठणकणं विसरली. शेजारी साठीची आई आणि तिशीची लेक बसल्या होत्या.

"आई, थेरपिस्टने दहा मिनिटं नुसतं बसायला सांगितलंय. मागच्या आठवड्यात मी गेटवरूनच परत गेले होते."

"बसायला घरी सोफा नाही का?"

"घरच्या सोफ्यावर मशीनचा आवाज येत नाही."

आतून तो आवाज आलाच.

"मैत्री, हात किती गार पडलाय तुझा! चल, घरी जाऊ."

"नको, चारच मिनिटं राहिलीत. आणि हात धरू नकोस ना, प्लीज."

"बरं."

"तुझ्यावर राग नाहीये गं. सात वर्षांची मी, दात काढताना मराठीत ओरडत होते. त्या डॉक्टरला मराठी कुठून कळणार? कुणाचीच चूक नव्हती."

"थेरपिस्टलाही असंच सांगितलंस?"

"हो. तूच तर नेहमी सांगतेस."

आतलं मशीन थांबलं.

"त्या डॉक्टरने हात थांबवून मला विचारलं होतं, बच्ची क्या बोल रही है."

"कधी?"

"तेव्हाच. तू म्हणत होतीस, इंजेक्शन चढलं नाही, सगळं दुखतंय."

"मग तू काय सांगितलंस, आई?"

"म्हटलं, कुछ नहीं डॉक्टर साहब, ऐसे ही डरती है. आप निकालो."